माणिकराव, ते घर होतं

फसली तेराशे त्रेपन्न साल, आणि मी एकवीस वर्षांचा. इंग्रजी हिशेबानं चव्वेचाळीस. त्या साली मी तुमच्या बहिणीशी लग्न केलं, तिला बैलगाडीत राहायला आणली, आणि त्या दिवसापासून तुमचं-माझं वाकडं झालं. परवा तुम्ही गेलात. वाकडं तसंच राहिलं.

काल तुमचा थोरला, बाळू, येऊन बसला होता. म्हणाला, "मामा, तेराव्याला वाचायला चार ओळी लिहा. आबांचं जुनं सांगणारं आता तुमच्याशिवाय कुणी न्हाय." मी म्हणालो, "चांगलं ऐकायचं असंल तर दुसऱ्या कुणाकडं जा." तो हसला, त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. कागद ठेवून गेला. मी उर्दू दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, मराठी अक्षर गाडीवर बसून दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो. चुका होतील. पण लिहिणार आहे, कारण तुमच्याशी बोलायचं राहिलंय आणि आता तुम्हाला मधेच उठून जाता येत नाही.

तुमचा एक राग खरा होता, तो आधी कबूल करून टाकतो. सोयरीक जमली तेव्हा तुम्हाला माझ्या चुलत्याचं घर दाखवलं होतं. आईबाप लहानपणी गेलेले, मी तिथंच वाढलो. लग्नाला आठ दिवस असताना चुलत्याचं आणि माझं बिनसलं. चूक माझी होती आणि माफी मागायची नव्हती. बापाची बैलजोडी आणि एक घोंगडी घेऊन बाहेर पडलो. कळंबच्या एका गाडीवानाकडून जुनी गाडी घेतली. त्याहून हलकी गाडी त्या बाजारात नव्हती, एका चाकाचा आरा तारेनं आवळलेला होता. बुरुडाकडून तट्ट्या आणल्या, कमान केली, वर गोणपाट, गोणपाटावर डांबर. सहा हात लांब, तीन हात रुंद. झालं घर. तुम्हाला फसवलं असं तुम्हाला वाटलं. वाटणारच. माझ्या बहिणीचं असं झालं असतं तर मीही काठी घेऊन आलो असतो.

पण तुम्ही काठी आणली नाहीत. तुम्ही जीभ आणलीत.

लग्न लागलं, तुमच्या गावच्या वेशीबाहेर गाडी उभी होती. नवरीनं माप ओलांडायचं तर उंबरा लागतो. गाडीला उंबरा कुठला? मी जू सोडून गाडीपुढं जमिनीवर आडवं टाकलं आणि त्यावर ज्वारीनं भरलेलं माप ठेवलं. सोजरनं उजव्या पायानं माप लवंडलं, जू ओलांडलं आणि गाडीत चढली. बायका बघत होत्या. तेव्हा तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "दाजी, जुवात बैल घालतेत. आमची पोर कशाला घातली?"

लोक हसले. मीही जरासा हसलो. ते माझं हसणं मला अजून खुपतं.

मग बाजूला घेऊन म्हणालात, "आमच्या परड्यात दोन खण रिकामे हायेत. तिथं चूल मांडा. लोकांना काय सांगायचं ते मी सांगतो."

"काय सांगताल?"

"जावई कामाला ठिवलाय म्हणून."

ती थट्टा होती, असं सोजर पुढं जन्मभर म्हणत राहिली. असंल. माझ्या अंगात तेव्हा थट्टा मावायला जागा नव्हती. घरजावई होण्यापेक्षा मी गाडीच्या चाकाला टेकून मेलो असतो. आजही तेच म्हणेन.

त्या घरात आम्ही कसं राहिलो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. न विचारता सांगतो. कळंबच्या मोंढ्यातून बार्शीला धान्याचं भाडं असायचं. भाडं भरलं की पोती खाली आणि आमचा संसार पोत्यांवर. सोजर वर बसून म्हणायची, "आज माडीत हाय म्या, बार्शीला उतरंन." आखाखाली जाळी बांधून तिच्यात भांडी. मागं डब्यात तुळस. चुलीचे तीन दगड ती बरोबर घेऊन फिरायची. मी म्हणायचो, "दगड कुठं बी मिळतेत की." तर म्हणायची, "दगड मिळतेत. चूल मिळत न्हाय." पावसाळ्यात काळ्या रानात गाडी आखापर्यंत रुतली, तर तीन दिवस तिथंच आमचं गाव. डांबर लावूनही गोणपाट गळायचं, ती गळतीखाली पातेलं ठेवून त्याच पाण्यात पीठ मळायची. मला वाटायचं ही आता रडेल, आता म्हणेल भावाकडं चला. ती म्हणाली नाही. तिला तुमची आठवण यायची तेव्हा ती गाडीच्या मागच्या बाजूला बसायची, हे मला कळायचं. पण तोंडानं तिनं घराला कमी म्हटलं नाही.

आणि मोगलाईत गाडी असणं म्हणजे वेठीला आमंत्रण. साहेबाचा दौरा निघाला की शिपाई रस्त्यावरच्या गाड्या धरायचे, भाडं नाही, चारा नाही, आठ-आठ दिवस राबवायचे. एकदा आमची गाडी धरली. शिपायानं काठीनं गोणपाट वर केलं. आत सोजर डाळ निवडत बसलेली, वर दोरीवर लुगडं वाळत घातलेलं, मागं तुळस. त्यानं गोणपाट सोडून दिलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "अरे ये तो घर है. इसकू कायकू पकडते? छोड दो."

माणिकराव, निजामाच्या शिपायाला दिसलं. तुम्हाला नाही दिसलं.

त्याच साली दिवाळीच्या तोंडावर तुम्ही आलात. कळंबच्या बाजाराबाहेर चिंचांखाली गाडी सोडलेली होती. हे जे पुढं लिहितो ते नातवंडांसाठी उकलून सांगावं लागेल, कारण हल्ली कुणी पाळत नाही. आपल्याकडं मुलीला पहिलं मूल होईपर्यंत तिच्या माहेरचा कर्ता माणूस तिच्या घरी जेवत नसे, पाण्याचा थेंबही घेत नसे. तुमचे वडील नव्हते, म्हणून ते तुम्ही पाळायचं. सोजरला ते ठाऊक होतं. तिनं तुम्हाला बसायला घोंगडी टाकली आणि पाणी काही विचारलं नाही.

तुम्ही घोंगडीवर बसला नाहीत. गाडीत चढून बसलात आणि म्हणालात, "सोजर, पाणी दे."

ती म्हणाली, "दादा, पाणी?"

"मग? गाडीत बसलोय. गाडीत पाणी प्यायला कुठला रिवाज आडवा येतोय?"

तिनं दिलं. तुम्ही एक तांब्या प्यालात, दुसरा मागितलात. मग भाकरी मागितलीत. ठेच्यासंगं दोन भाकरी खाल्ल्यात, सावकाश, एकेक घास माझ्याकडं बघून. "झकास झाली बग भाकर. रस्त्यावर आशी मिळत न्हाय." हात धुतलेत, ढेकर दिलात आणि निघालात. लोक भावाला जेवू घालून खूश होतात. तुम्ही जेवून मला चारचौघांत थोबाडीत मारलीत. सोजर खाली बसून तुमचं ताट राखेनं घासत होती. घासून झालं तरी घासत होती.

त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस जोवर तोंडानं घर म्हणणार नाही तोवर याच्या दारात पाय ठेवायचा नाही.

पुढच्या वैशाखात तुम्ही दुसऱ्यांदा आलात. सोजरला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तुम्ही न्यायला आला होता. गाडी त्याच चिंचांखाली. तुम्ही पाच कोस उन्हातून चालत आला होता, ओठांना पांढरं आलेलं, मुंडासं घामानं चिकटलेलं. सोजरला वाटलं तुम्ही मागच्यासारखंच मागणार, म्हणून मागायच्या आधीच तिनं तांब्या पुढं केला. मी चाकाला वंगण लावत होतो आणि बघत होतो.

तुम्ही तांब्या हातात घेतलात. जरा वेळ धरलात. गाडीत नजर फिरवलीत, तिनं जुन्या लुगड्याची शिवलेली दुपटी घडी करून ठेवली होती ती बघितलीत. आणि तांब्या खाली ठेवलात.

"ऱ्हाऊ दे, सोजर."

"दादा, तहान लागली असंल."

"ऱ्हाऊ दे म्हणलं न्हवं?"

"मग भाकर टाकते."

"नको."

माझं डोकं फिरलं. मागच्या खेपेला खाऊन पाणउतारा केलात, आणि आता पाणीसुद्धा नको? मी वंगणाच्या हातानंच पुढं आलो.

"का हो? माझ्या बायकोच्या हातचं पाणी बाटलं का?"

तुम्ही मुंडासं सोडून तोंड पुसलंत.

"बोला की. का गाडीवाल्याच्या तांब्यात किडं दिसले?"

"दाजी, मी सोजरला न्यायला आलोय. तेवढंच बोला."

"न्यायची आन परड्यात ठिवायची. मग तिच्या मागनं म्या यायचं, व्हय ना?"

"आसं कोन म्हणलं?"

"उठा, माणिकराव."

"दाजी, पहिलटकरीण हाय ती. माझ्यावर राग हाय तर मला हाना, तिच्या जिवाशी..."

"उठा म्हणलं."

तुम्ही उठलात. सोजरच्या डोक्यावर हात ठेवलात. माझ्याकडं बघितलंत, ओठ हलले, पण बोलला नाहीत. ते ओठ हलले त्यातून एक शब्द बाहेर आला असता तर माझं आयुष्य निराळं झालं असतं, आणि तुमचंही. पण तुम्ही पाटलाच्या रुबाबात पाठ फिरवून चालायला लागलात. पाच कोस परत, तसेच कोरडे. सोजर तुम्ही दिसेनासे होईपर्यंत उभी होती. आठव्या महिन्यातली बाई, वैशाखाचं ऊन, आणि मी तिला बस म्हटलं नाही.

ज्येष्ठ सरता सरता वाटेवरच्या एका वस्तीवर तिला कळा लागल्या. तिथली सुईण चांगली होती, हात हलका होता. मुलगी झाली. डोक्यावर दाट केस. पाऊस सुरू झाला होता. सहाव्या दिवशी पोरीला ताप भरला, नवव्या दिवशी ती गेली. बाराव्याला नाव ठेवायचं होतं. नाव आम्ही ठरवलं होतं, ते मी या कागदावर लिहिणार नाही.

तुम्ही पुढं लोकांत म्हणालात, "गाडीनं पोर खाल्ली." माझ्यापर्यंत ते पोचलं. म्हणून आज विचारतो, तुमच्या चार भिंतींत, तुमच्या दगडी घरात, तुमची दोन गेली. मी कधी म्हणालो का तुमच्या घरानं खाल्ली म्हणून? ज्या दिवशी तुमचा धाकटा गेला त्या दिवशी मी तुमच्या दारात आलो नाही, हे खरं. पण तसलं बोललो नाही. तेवढा फरक तुमच्या-माझ्यात राहू द्या.

रात्र-रात्र मी याचा विचार केलाय. तुमच्याकडं वहिनी होत्या, शेक होता, कोरडी जागा होती. पोर वाचली असती का? तुम्ही म्हणाल, वाचली असती. मी म्हणतो, कुणाला ठाऊक. साठ वर्षं मी हे 'कुणाला ठाऊक' घट्ट धरून बसलोय. ते सुटलं तर माझ्याजवळ दुसरं काही नाही.

आम्ही त्या गाडीत आणखी तीन वर्षं राहिलो. निजामाचं राज्य गेलं, मग कळंबला दोन खोल्या बांधल्या, माझ्या हातानं. तुम्ही वास्तूला आलात. पंगतीला बसलात, जेवलात, आंब्याचं पान कुठं बांधायचं ते माझ्या मजुराला सांगितलंत. माझ्याशी "बरं हाय" एवढंच. मुलांची लग्नं झाली, तेव्हाही तेवढंच. दोन बहिरे म्हातारे शेजारी बसावेत तसे आपण मांडवात बसायचो. लोकांना वाटायचं आता मिटलं.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुमच्यापुढं मान खाली घालतो. सोजर गेली तेव्हा तुम्ही नव्वदीला टेकला होता, दोघांनी धरून उतरवावं लागलं. माहेरची साडी पोरांच्या हातानं पाठवता आली असती. तुम्ही ती स्वतः मांडीवर घेऊन आलात. हिरवी, जरीच्या काठाची. तिच्या अंगावर पांघरताना तुम्ही कुणाला मदत करू दिली नाहीत. त्या दिवशी मला तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलं असतंत तर ठेवलं असतं. असं माझं नेहमीचं, समोरच्यानं आधी करावं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. बाळूनं काल जाता जाता सांगितलं, शेवटच्या दुखण्यात तुम्ही म्हणायचा, "दाजीला कदी कळलंच न्हाय." काय कळलं नाही, असं पोरांनी विचारलं तर तुम्ही तोंड फिरवायचा. पोरांना वाटलं भ्रम झालाय.

मला कळलं होतं, माणिकराव.

पोरीचं बारसं व्हायचं त्या दिवशीची संध्याकाळ. सोजर गाडीत पडून होती, मी खाली बसून बैलांना कडबा घालत होतो. ती वरून म्हणाली, "दादा त्या दिशी पाणी का न्हाय पिला, कळलं का तुमाला?"

मी म्हणालो, "त्याचं नाव काढू नको."

"पहिल्या खेपंला गाडी म्हणून पिला. दुसऱ्या खेपंला न्हाय पिला. बहिणीच्या घरी भाऊ पाणी पीत न्हाय. पाच कोस उन्हातनं आला, जीभ टाळ्याला चिकटलेली, आन तांब्या खाली ठिवला. तुमचं घर मानलं त्यानं. तुमी त्याला घरातनं उठवलं."

माझ्या हातातला कडबा तसाच राहिला. मी म्हणालो, "तुला तवाच कळलं?"

"त्यानं तांब्या ठिवला तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी दोघं बोलत व्हता. माझं कोन ऐकत व्हतं?"

तर हे असं. तुम्ही साठ वर्षं समजत राहिलात की दाजी अडाणी, त्याला तुमचा मोठेपणा उमगलाच नाही. उमगला होता, बाराव्या दिवशीच. मी तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्ही मनात कुढत राहावं, आपण मान दिला आणि तो वाया गेला असं तुम्हाला टोचत राहावं, हे मला बरं वाटायचं. मांडवात तुमच्या शेजारी बसून मी ते बरं वाटून घ्यायचो. हे माझं पाप, ते मी तुमच्या लेकरांसमोर लिहून देतोय.

पण तुम्हाला सोडत नाही. तुम्हाला तोंड नव्हतं का? अपमान करायचा होता तेव्हा वेशीवर शंभर माणसांना ऐकू गेला. आणि मान द्यायचा तेव्हा मुक्यानं? "दाजी, हे घर हाय, म्हणून मी पाणी घेत न्हाय", एवढं म्हणायला काय लागत होतं? शिव्या मोठ्यानं द्यायच्या, मान गुपचूप द्यायचा, आणि तो समोरच्यानं ओळखायचा. नाही ओळखला तर तो नालायक. हा तुमचा माज होता, माणिकराव. माझ्या माजाला शोभेल असाच होता. दोन माजोरी माणसांच्या मधे एक बाई आणि एक नऊ दिवसांची पोर होती, एवढंच आपल्या लक्षात आलं नाही. तुमच्याही आणि माझ्याही.

त्या संध्याकाळी बोलणं तिथंच संपलं नाही. सोजर उठून बसली. कधी काही मागितलं नव्हतं तिनं, त्या दिवशी मागितलं. "उद्या मला तिकडं न्या. चार दिस. वहिनीच्या हातचं कढत पाणी अंगावर घेते, झोपते, आन येते. तुमी आत येऊ नका. वेशीवर सोडा आन परत जावा."

मी म्हणालो, "बगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुंपले. पाऊस उघडला होता. सोजरनं वेणी घातली होती आणि ती पुढं, माझ्या शेजारी येऊन बसली. एरवी कधी बसायची नाही, लोक बघतात म्हणून. फाट्यावर आलो. डावीकडं तुमचं गाव, उजवीकडं बार्शीची वाट. मी तिच्याकडं बघितलं नाही. उजवा कासरा ओढला. थोडं अंतर गेल्यावर ती उठली, मागं गेली आणि पाठमोरी बसली. मी बैलांवर चाबूक ओढला.